फायटिंग गेमची लोकल कशी टिकवायची: शून्य-दोन होणाऱ्याचा आधी विचार करा

स्पर्धा भरवायची म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात ब्रॅकेटचं, म्हणजे सामन्यांच्या तक्त्याचं, वरचं टोक असतं. फायनलला कोण येईल, बक्षीस किती ठेवायचं, स्ट्रीम कशी दिसेल. मी पुण्यात, कोथरूडला एका कोचिंग क्लासच्या खोलीत रविवारी टेकन ८ आणि स्ट्रीट फायटर ६ या फायटिंग गेमची लोकल, म्हणजे गावातल्या खेळाडूंची नेमाने भरणारी स्पर्धा, चालवते, आणि माझं लक्ष खालच्या टोकाकडे असतं. डबल एलिमिनेशनचं (दोनदा हरलं की बाहेर) गणित मांडून बघा. १६ जण आले तर पहिल्या फेरीत ८ हरतात. ते ८ आपसांत खेळतात आणि त्यातले ४ एकही सेट, म्हणजे दोघांमधला पूर्ण सामना, न जिंकता बाहेर पडतात. ३२ आले तर असे ८. लोक कितीही चांगले असोत, पूर्ण भरलेल्या ब्रॅकेटमध्ये चौघांतला एक जण शून्य-दोन होऊन घरी जाणारच. सीडिंग, म्हणजे ताकदीचा क्रम बघून जोड्या लावणं, नीट केलेलं असेल तर तो बहुतेक वेळा नवाच असतो, कारण सीडिंगमध्ये सगळ्यात कच्चा खेळाडू पहिल्याच फेरीत सगळ्यात पक्क्यासमोर येतो.

हा मुलगा किंवा मुलगी पुढच्या महिन्यात परत आली तर तुमची लोकल वाढते. नाही आली तर वर्षभरात तेच दहा जण एकमेकांशी खेळून कंटाळतात. खाली जे सांगते आहे ते सगळं या एका माणसाला धरून आहे.

ब्रॅकेट

नुसतं डबल एलिमिनेशन ठेवू नका. त्याआधी चार-चार जणांचे पूल (गट) करा आणि पूलमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळवा. १६ जणांचे चार पूल, प्रत्येकात ६ सेट, मिळून २४. मग प्रत्येक पूलमधले वरचे दोघे मुख्य ब्रॅकेटमध्ये, तिथे १४ किंवा १५ सेट. खालच्या दोघांना घरी पाठवायचं नाही, त्यांचं दुसरं ब्रॅकेट लावायचं, साधं नॉकआउट, ७ सेट. अशा रीतीने पूर्ण हरणाऱ्यालाही चार सेट मिळतात, आणि शेवटचा सेट त्याच्याच तोडीच्या माणसाशी असतो. या दुसऱ्या ब्रॅकेटची फायनलही मोठ्या स्क्रीनवर घ्या. आमच्याकडे तिलाच जास्त आरडाओरडा होतो, आणि मला त्याचा फार आनंद वाटतो.

एकूण ४५-४६ सेट झाले. पॅड (कंट्रोलर) बदलणं, बटण चेक, हाका मारून माणसं गोळा करणं धरून एका सेटला आठ मिनिटं लागतात. चार सेटअपवर (एक कन्सोल आणि एक स्क्रीन म्हणजे एक सेटअप) कागदावर दीड तासात उरकेल असं दिसतं, पण ब्रॅकेटमध्ये एकमेकांसाठी थांबावं लागतं, म्हणून तीन तास धरा. पूल लावताना नेहमी सोबत येणारे मित्र एका पूलमध्ये पडू देऊ नका. घरी सोफ्यावर ज्याच्याशी रोज खेळतो त्याच्याशीच खेळायला कुणी तळेगावहून येत नाही.

तळेगावचा विषय निघालाच आहे तर वेळेबद्दल. आमच्याकडे चिंचवड-तळेगावची मुलं लोणावळा लोकलने येतात. फायनल रात्री नऊला गेली की ती बघायला कुणी उरत नाही, आणि मोठ्या खेळाडूंचा खेळ बघून शिकण्याची नव्यांची संधी जाते. अकराला सुरुवात, साडेपाचला ग्रँड फायनल. उशिरा येणाऱ्यासाठी दहा मिनिटं थांबा, मग तो सेट त्याच्या विरोधात द्या, कितीही मोठा खेळाडू असला तरी. मोठ्यांसाठी थांबलात की वेळेवर आलेल्या नव्या माणसाला त्याची किंमत काय ते लगेच कळतं.

आणि एक सेटअप स्पर्धेपासून कायम मोकळा ठेवा. चार असतील तर तीनवरच ब्रॅकेट चालवा आणि तास-दीड तास जास्त धरा. हरलेल्याला बसायला जागा हवी.

खोली, वीज, वायर

क्लासच्या खोल्यांमधले साधे पॉइंट ६ अँपिअरचे असतात, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १४०० वॉट. एक पीएस ५ खेळताना साधारण २०० वॉट घेतो, वर मॉनिटर. चार सेटअप आणि कुणीतरी चहासाठी लावलेली इलेक्ट्रिक किटली एकाच बोर्डवर आली की एमसीबी पडलाच. आदल्या दिवशी जाऊन १६ अँपिअरचा पॉइंट कुठे आहे ते बघा, सेटअप दोन भिंतींवर वाटा, किटली तिसरीकडे.

टीव्हीपेक्षा मॉनिटर बरा. हे गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतात, एक फ्रेम म्हणजे जवळपास १६.७ मिलिसेकंद. घरातल्या मोठ्या टीव्हीवर चित्र गुळगुळीत करणारं प्रोसेसिंग चालू असेल तर बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंत कित्येक फ्रेम जातात. टीव्हीच वापरायचा असेल तर गेम मोड चालू केल्याशिवाय सामना लावू नका. नव्या माणसाला लॅग ओळखता येत नाही, त्याला वाटतं आपलेच हात जड आहेत.

पॅड केबल लावूनच. सामना संपल्यावर वायरलेस पॅड खिशात घालून कुणी चहाला गेला आणि त्याच्याकडून पीएस बटण दाबलं गेलं, तर आतल्या कन्सोलवर चाललेला सामना थांबतो. उठताना पेअरिंग काढायचं, हा नियम भिंतीवर लावा. सामन्यात ज्याच्या पॅडमुळे गेम थांबला त्याचा राउंड जातो, समोरच्याने सोडून दिलं तर गोष्ट वेगळी. दोन जादा पॅड लोकलचे स्वतःचे ठेवा. स्वतःचा पॅड नाही म्हणून न येणारे खूप असतात आणि ते तसं कधीच सांगत नाहीत.

शिकवणं

हरलेल्याला भाषण देऊ नका, एकच गोष्ट सांगा. माझी जुन्या खेळाडूंना ही विनंती असते: सेट संपला की हात मिळवा आणि समोरच्याने विचारलं तर एकच, आज लगेच वापरता येईल अशी गोष्ट सांगा. स्ट्रीट फायटर ६ मध्ये नवा माणूस ड्राइव्ह इम्पॅक्ट नावाचा जोरदार फटका खाऊन खाऊन हरतो. तो यायला २६ फ्रेम लागतात, अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर, म्हणजे बघून उत्तर देता येतं. ‘तो रंगांचा फटका दिसला की तूही तोच मार’, एवढं सांगून मोकळ्या सेटअपवर दहा वेळा करून घेतलं की त्याच दुपारी तो कुणाचा तरी इम्पॅक्ट परतवतो. त्या वेळचा त्याचा चेहरा बघण्यासाठी मी रविवार देते. टेकनमध्ये तसंच: समोरच्याचा कुठला फटका अडवल्यावर आपल्या १० फ्रेमच्या जॅबची (झटपट ठोशाची) पाळी येते, असा एकच फटका दाखवा. शंभर मूव्हची यादी पाठवलीत तर तो ती उघडणारही नाही.

मॉडर्न कंट्रोलवर (अवघड फटके एका बटणात काढून देणाऱ्या सोप्या पद्धतीवर) खेळणाऱ्याला ‘हे काय खेळणं’ म्हणू देऊ नका. मी स्ट्रीट फायटरमधला झँगिफ खेळते, माझ्या पात्राची ३६० ची फिरकी शिकायला मला खूप वेळ लागला, आणि समोरचा ती एका बटणात काढतो याबद्दल माझी काही तक्रार नाही. गेमने दिलेली सोय आहे आणि तिच्यामुळे माणूस पहिल्या दिवशीच विचार करायला लागतो.

माणसं एका खोलीत बसून किती वर जाऊ शकतात याचं उदाहरण लाहोरचं आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथला अर्सलान ॲश व्हिसाच्या खटपटी करत जपानला पोचला आणि इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेच्या जपानमधल्या आवृत्तीत टेकन ७ जिंकला. ऑगस्टमध्ये लास व्हेगासला इव्होच्या फायनलला त्याने कोरियाच्या ‘नी’ या नामांकित खेळाडूला हरवलं. जपानमध्ये जिंकल्यावरच त्याने सांगितलं होतं की माझ्या देशात माझ्यासारखे आणखी आहेत. ते खरं की काय बघायला ‘नी’ स्वतः पाकिस्तानात गेला, आणि तिथे ज्यांचं नावही जगाने ऐकलं नव्हतं त्यांच्याकडून हरला. त्यामागे मोठे प्रायोजक नव्हते. रोज एकमेकांना सापडणारी, एकमेकांपासून काही न लपवणारी माणसं होती.

ऑनलाइन खेळण्याने हे होत नाही असं मी म्हणणार नाही. आता दोन्ही गेममध्ये रोलबॅक नेटकोड आहे: समोरचा काय दाबेल याचा गेम अंदाज धरतो आणि चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन दुरुस्त करतो. त्यामुळे सोलापूरचा मुलगा पुण्यातल्याशी आठवडाभर सराव करू शकतो, त्याला फक्त वायफाय सोडून केबल लावायला सांगा. व्हॉट्सॲपवर दोन ग्रुप ठेवा. एकात फक्त तारखा आणि निकाल, तिथे ॲडमिनच लिहिणार. दुसऱ्यात बाकी सगळं. एकच ग्रुप असला की तारीख मीमखाली गाडली जाते.

वागणं

नियम लिहून काढा, मराठीत आणि हिंदीत, आणि नाव नोंदवतानाच दाखवा. खेळावरून चिडवणं चालेल. आई-बहिणीवरून शिवी, जातीवरून, शरीरावरून, बाई असण्यावरून काहीही, एकदाही चालणार नाही. ‘गरम डोक्यात निघून गेलं’ हे कारण मी ऐकते, आणि तरी त्या दिवसापुरतं त्याला बाहेर पाठवते. पहिल्यांदा आलेली मुलगी त्याच क्षणी ठरवत असते की पुन्हा यायचं की नाही, आणि सगळे काय करतात ते बघत असते.

तक्रार ऐकायला दोन माणसं नेमा. त्यातली एक तरी बाई असू द्या आणि एक तरी अशी, जी आयोजकाची खास मित्र नाही. २०२० मध्ये इव्होच्या तेव्हाच्या प्रमुखावर गंभीर आरोप झाले, मोठ्या कंपन्यांनी अंग काढून घेतलं आणि त्या वर्षीची ऑनलाइन इव्हो रद्द झाली. जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेवर ही वेळ आली. तेव्हा ‘आपण सगळे ओळखीचे, आपल्याकडे असं काही नाही’ हे वाक्य मी कुणाला बोलू देत नाही. तक्रार आयोजकाविरुद्ध असली तर कुठे जायचं, तेही लिहिलेलं हवं. बंदी घातली तर किती महिन्यांची आणि कशासाठी ते लेखी द्या. अठराच्या आतल्या मुलांच्या पालकांचा नंबर घ्या आणि पालकांना खोली बघायला बोलवा. बहुतेक आया एकदा येऊन बसल्या की निश्चिंत होतात.

पैसे

फी खोलीच्या भाड्याएवढी ठेवा. पहिल्यांदा येणाऱ्याला फी नाही. गणेश मंडळाचा वर्गणीचा हिशेब जसा फळ्यावर लागतो तसा दर महिन्याचा जमाखर्च ग्रुपवर टाका, चहाच्या बिलासकट. मोठ्या बक्षिसाने एक दिवस गर्दी होते, पण ते जिंकणारे तीन जण आधीच माहीत असतात आणि बाकीच्यांना आपण त्यांच्या बक्षिसाची भर घालतोय असं वाटू लागतं. ते पैसे मॉनिटरमध्ये घाला. परदेशात दोघांनी पैसे लावून खेळायची पद्धत आहे, मी ती अजिबात चालू देत नाही. आपल्याकडे जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे आणि ज्याने विश्वासाने खोली दिली त्याला त्यात ओढायचं नाही.

नवा गेम आला की

जानेवारी २०२४ ला टेकन ८ आला, पण पीएस ४ वर आला नाही. अशा वेळी लोकल आपोआप दुभंगते: ज्यांना नवा कन्सोल परवडतो ते आणि बाकीचे. जुन्या गेमचा एक सेटअप निदान वर्षभर चालू ठेवा आणि नवा गेम तुमच्या सेटअपवर आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी सगळ्यांना खेळू द्या. जुना गेम म्हणजे संपलेला गेम असं समजू नका. स्मॅश ब्रदर्स मेली २००१ चा, त्याच्या चाहत्यांनी २०१३ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी ९४ हजार डॉलरच्या वर देणगी गोळा करून तो इव्होत परत आणला.

जुनी माणसंही शोधा. पार्लरमध्ये रुपयाचं नाणं टाकून केओएफ ९७ (किंग ऑफ फायटर्स) खेळलेली पिढी आज चाळिशीत आहे. त्यांना वाटतं हे आता पोरांचं काम. त्यांना सांगा की २०२३ मध्ये हांगझोच्या एशियन गेम्समध्ये स्ट्रीट फायटर ५ चं सुवर्ण कोरियाच्या किम ग्वान-वूने ४४ व्या वर्षी जिंकलं. ही मंडळी वेळेवर येतात, खुर्च्या लावतात, आणि विशीतल्या पोरांना हरायचं कसं ते न बोलता शिकवतात.

आयोजकानेही खेळलं पाहिजे. ब्रॅकेट चालवणारी दोन माणसं तयार करा, दर महिन्याला पाळी बदला, ब्रॅकेट चालवायच्या स्टार्ट.जीजी या साइटचा ॲक्सेस, खोलीची किल्ली, विजेच्या बोर्डाची माहिती एकाच डोक्यात राहू देऊ नका. पुढची तारीख ग्रँड फायनलच्या आधी जाहीर करा, कारण फायनल संपली की सगळे बॅगा भरतात. हरलेल्या नव्या माणसाला मात्र ती तारीख स्वतः जाऊन, नावाने हाक मारून सांगा.

तुमच्या गावात अजून काहीच नसेल तर ब्रॅकेटच्या भानगडीत पडू नका. दोन सेटअप, सहा माणसं आणि एक कागद घ्या. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, १५ सेट होतात, दोन-अडीच तासांत आटपतं. प्रत्येकाच्या वाट्याला पाच सेट येतात आणि शेवटच्या मिनिटापर्यंत कुणीच बाहेर गेलेलं नसतं.