जुनं स्टेट सोडलं तरी तिथलं थोडं इन्कम राहिलंय? टॅक्स असा भरा

आम्ही ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सी सोडून नॉर्थ कॅरोलायनाला आलो, कंपनी तीच, फक्त ऑफिस बदललं. पुढच्या फेब्रुवारीत आधीच्या वर्षीचा बोनस आला, १८०० डॉलर, आणि वर्ष संपल्यावर डब्ल्यू-टू (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा फॉर्म) बघितला तर बॉक्स १५ मध्ये, म्हणजे स्टेटच्या रकान्यात, दोन ओळी, एक एनसी (नॉर्थ कॅरोलायना) आणि एक एनजे (न्यू जर्सी). मला वाटलं आता तिथे राहतच नाही, एवढ्याशा पैशासाठी कोण विचारतंय. पण तसं नसतं.

आधी बघायचं की पैसे कसले आहेत. पगार, बोनस असेल तर सहसा काम जिथे बसून केलं ते स्टेट टॅक्स घेणार, पैसे हातात कधी पडले त्याने फरक पडत नाही. घर भाड्याने दिलं असेल तर घर जिथे आहे ते स्टेट. पण बँकेचं व्याज, शेअर्सचे डिव्हिडंड हे तुम्ही आत्ता राहता तिथलं इन्कम, बँकेची ब्रँच न्यू जर्सीतल्या एडिसनला का असेना. आणि ४०१के किंवा आयआरए या रिटायरमेंटच्या खात्यांमधून पैसे काढले तर जुनं स्टेट हातच लावू शकत नाही, १९९६ पासून तसा फेडरल कायदाच आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि उगाच घाबरतात.

मग लिमिट, म्हणजे किती इन्कमच्या वर रिटर्न भरावंच लागतं. इथे लोक चुकतात. न्यू जर्सीत सिंगलला १०,००० आणि जॉइंटला २०,००० डॉलरचं लिमिट आहे, पण ते तुमच्या सगळीकडच्या इन्कमवर मोजतात, फक्त तिथल्या १८०० वर नाही, म्हणजे नोकरी करणारा जवळपास प्रत्येक जण त्याच्या वर जातोच. प्रत्येक स्टेटचा नियम वेगळा, तो त्या स्टेटच्या साइटवरच बघा. फॉर्म नॉनरेसिडेंटचा, म्हणजे तिथे न राहणाऱ्यांचा घ्यायचा, न्यू जर्सीला एनजे-१०४०एनआर, न्यूयॉर्कला आयटी-२०३, कॅलिफोर्नियाला ५४०एनआर. ज्या वर्षी मूव्ह झालात त्या वर्षाचं रिटर्न मात्र पार्ट-इयर, म्हणजे वर्षातले काहीच महिने तिथे राहिल्याचं.

सॉफ्टवेअरमध्ये क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी फेडरल, मग जुन्या स्टेटचं, आणि आत्ताच्या स्टेटचं सगळ्यात शेवटी. कारण आत्ताचं स्टेट तुमच्या सगळ्या इन्कमवर टॅक्स लावतं, त्यात ते १८०० पण आले, आणि डबल टॅक्स नको म्हणून जुन्या स्टेटला भरलेल्याचं क्रेडिट देतं, नॉर्थ कॅरोलायनात ते डी-४००टीसी फॉर्मवर येतं. जुन्या स्टेटचा आकडा आधी निघालाच नाही तर क्रेडिट कशाचं देणार? मी पहिल्यांदा उलट केलं, क्रेडिट शून्य दिसलं, अर्धा रविवार त्यात गेला. आणि क्रेडिट जुन्या रिटर्नवर जो टॅक्स खरंच निघाला त्यावरून ठरतं, डब्ल्यू-टू वर कापलेल्या आकड्यावरून नाही. टेक्सास, फ्लोरिडाला गेलेल्यांना हे क्रेडिट मिळत नाही, कारण तिथे पगारावर स्टेट टॅक्सच नाही, जुन्या स्टेटचा भरायचा आणि सोडून द्यायचं.

बायकोची गोष्ट वेगळी झाली. तिच्या पेरोलमध्ये पत्ता बदललाच नव्हता, दोन महिने एनसीत बसून काम केलं आणि टॅक्स कापला एनजेचा. अशा वेळी चुकीच्या कापलेल्या टॅक्सचं क्रेडिट नवीन स्टेट देत नाही, कंपनीकडून दुरुस्त केलेला डब्ल्यू-टूसी मागायचा आणि जुन्या स्टेटला नॉनरेसिडेंट रिटर्न भरून रिफंड घ्यायचा. कुठल्या तारखेपासून कुठे काम केलं याचं कंपनीचं पत्र, लीज, नवीन लायसन्स सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा, विचारलं तर लगेच देता येतं.

न्यू जर्सीत रिफंड मागायला साधारण तीन वर्षं असतात, त्यामुळे मागचे डब्ल्यू-टू काढून बॉक्स १५ ते १७ आजच बघून घ्या.