संपलेला पास भंगारात टाकू नका

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत, साधारण अकरा मिनिटांच्या आत. आमच्या गाडीतला एक जण त्यात गेला. त्यांची बोरिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा वहिनींनी कपाट आवरायला मला बोलावलं, आणि तेव्हापासून अशा आवराआवरीला इतर घरीही जाणं होतं. ज्यांच्याकडे असं एखादं कपाट आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

अंगावरच्या वस्तू बऱ्याचदा घरी येतच नाहीत. पोलिसांनी पंचनाम्यात घेतलेलं काही मुद्देमालात अडकलेलं असतं. ते परत हवं तर कोर्टात अर्ज करावा लागतो आणि अपिलं संपेपर्यंत थांबायची तयारी ठेवावी लागते. पंचनाम्याची प्रत मात्र जपून ठेवा. घरात उरतं ते किरकोळ सामान: जुना चष्मा, डबा, संपलेला पास. माझ्या मते खरा माणूस त्यातच सापडतो.

आमच्या मित्राचा एक संपलेला तिमाही पास खणात निघाला. प्लॅस्टिकच्या कव्हरात, मागच्या बाजूला सिद्धिविनायक. पासाच्या पाठीवर बॉलपेननं आकडे आणि तीन आद्याक्षरं. वहिनींना वाटलं, ऑफिसचा काही हिशेब असेल. ते रमीचे पॉइंट होते, आणि सगळ्यात मोठा आकडा माझ्या नावापुढे होता, म्हणजे हरलेला मीच. लोकलनं जाणाऱ्या माणसाचे रोजचे दोन-तीन तास घरच्यांना माहीतच नसतात. म्हणून आधी त्याच्या गाडीतल्या मंडळींना गाठा. कुठे चढायचा, खिडकीसाठी कोणाशी भांडायचा, कोण काय नावानं हाक मारायचं, हे तेच सांगतील. तेही आता रिटायर झालेत, उशीर करू नका.

जपणुकीचं थोडक्यात. पास कव्हराला चिकटला असेल तर ओढू नका, शाई निघून येते. आहे तसा फोटो काढा. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर मुळीच नको. वर्तमानपत्राची कात्रणं वेगळी ठेवा, तो कागद शेजारच्यालाही पिवळं करतो. डबा घासून लख्ख करू नका, पोचा असेल तर राहू दे. कपडे खळ काढलेल्या मांजरपाटात गुंडाळा; डांबरगोळी कापडाला टेकता कामा नये. मुंबईच्या पावसाळ्यात बाथरूमच्या भिंतीला लागून असलेला माळा म्हणजे बुरशीचं माहेरघर. पेटी तिथे नको. जुन्या मोबाइलची बॅटरी काढून ठेवा, पण त्याआधी तो सुरू होत असेल तर मेसेजचे फोटो घ्या.

आता बोलणं, कारण गोष्टीशिवाय वस्तू टिकत नाही. नातवाच्या हातात तो नुसता जुना पास असतो. मोबाइलवर रेकॉर्ड करा, पंखा बंद करा, प्रेशर कुकर उतरल्यावर बसा. त्या संध्याकाळपासून सुरुवात करू नका. "तुम्हाला काय वाटलं?" हे तर टीव्हीवाल्यांनी विचारून झालंय. त्यापेक्षा वस्तू हातात द्या आणि विचारा, "वहिनी, डब्यात काय नेलेलं आवडायचं नाही त्याला?" आमच्याकडे यावर अर्धा तास हशा झाला, दुधी भोपळ्यावरून. न्यूयॉर्कच्या ९/११ संग्रहालयातही गेलेल्यांच्या फोटोंबरोबर नातेवाइकांच्या आवाजातल्या आठवणी ऐकायला मिळतात.

आई एक सांगेल, भाऊ दुसरंच. दोन्ही ठेवा, निवाडा करत बसू नका. कोणी "हे बाहेर नको" म्हटलं तर ते बाहेर नको.

प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी, पेन्सिलनं लिहिलेली: काय आहे, कोणाची, कोणी सांगितलं, कधी लिहिलं. सांगणाऱ्याचेच शब्द लिहा. "दहशतवादाचा बळी" असलं काही लिहू नका. तो पासाचा मालक होता, तेवढं पुरे. स्फोट कोणी घडवले हेही चिठ्ठीवर नको. २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं दोषी ठरवलेल्या सगळ्यांना जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निर्दोष ठरवलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याचे कागद वेगळ्या फाइलीत लावा. ती फाइल महत्त्वाची आहेच, पण तिचं ओझं या पेटीवर टाकू नका.

स्कॅन आणि आवाज दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. वस्तूंची यादी झाकणाच्या आतून ठेवा, आणि आपल्यानंतर पेटी कोणाकडे जाणार त्याचं नाव त्यावर आत्ताच लिहा. ज्याचं नाव लिहाल त्याला आधी विचारा, नाहीतर पेटी पुन्हा माळ्यावर.

सगळं ठेवायलाच हवं असं नाही. आमच्या मित्राचे दोन शर्ट पुतण्या घालतो. घालू दे की. फक्त देण्याआधी फोटो काढा आणि खिसे तपासा.