बारोलो पिण्याआधी: पिएमोंतेची तीन द्राक्षं ओळखण्याची रीत

बारोलो या इटालियन रेड वाईनची बाटली उघडली आणि लगेच पेला भरला, तर बहुतेकांची निराशा होते. रंग फिका, तोंडात नुसता तुरटपणा. या वाईनला वेळ द्यावा लागतो, आणि तिच्या शेजारच्या वाईन्स आधी चाखल्या तर ती लवकर कळते.

इटलीच्या वायव्येला, पिएमोंतेतल्या आल्बा शहराभोवतीच्या लांगे टेकड्यांवर तीन काळी द्राक्षं महत्त्वाची: दोल्चेत्तो, बार्बेरा आणि जिच्यापासून बारोलो होते ती नेब्बिओलो. तिन्हींची एकेक बाटली घ्या. नेब्बिओलोसाठी पहिल्या खेपेला 'लांगे नेब्बिओलो' पुरे. जात तीच, किंमत कमी, पिण्याजोगी लवकर होते.

लेबल वाचताना एक घोळ हमखास होतो. 'बार्बेरा द'आल्बा' यात जात आणि जागा दोन्ही आहेत. 'बारोलो' आणि 'बार्बारेस्को' ही मात्र गावांची नावं, आत 100 टक्के नेब्बिओलो. बारोलो किमान 38 महिने मुरवतात, त्यातले 18 लाकडी पिंपात. बार्बारेस्को 26 महिने, त्यातले 9 लाकडात. ला मोर्रा गावची बारोलो सहसा मऊ आणि सुगंधी, सेर्रालुंगा द'आल्बाची कणखर.

'खोलीच्या तापमानाला द्या' हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी होता. आपल्याकडे 30 अंशांत अल्कोहोल नाकाला झोंबतो. बाटली फ्रीजमध्ये ठेवून 16 ते 18 अंशांवर आणा. त्याहून फार गार झाली तर तुरटपणा कडू लागतो.

दहा वर्षांच्या आतली बारोलो दोन तास आधी रुंद तळाच्या काचेच्या भांड्यात ओतून ठेवा. वीस वर्षांपुढची असेल तर उलट करा: आदल्या दिवशी बाटली उभी ठेवून गाळ बसू द्या, मानेमागे टॉर्च धरा, बारीक धारेनं ओता. गाळाची काळी रेघ मानेशी आली की थांबा आणि लगेच वाढा. जुन्या वाईनचा वास फार वेळ टिकत नाही.

आता प्रत्येकी 60 मिली, याच क्रमानं. दोल्चेत्तो नावातच गोड, वाईन मात्र कोरडी, म्हणजे गोडी नसलेली. आंबटपणा कमी, शेवटी कडू बदामाची चव. बार्बेरा गडद, चांगलीच आंबट, तुरटपणा नावाला. नेब्बिओलोचा पेला छापील कागदावर तिरपा धरा: अक्षरं आरपार दिसतात, वय झालेलीच्या कडेला विटकरी छटा असते. रंगावरून तिला पातळ समजू नका. घोट पाच-सहा सेकंद तोंडात फिरवा. वरच्या ओठाची आतली बाजू आणि हिरड्या सुपारी चघळल्यासारख्या कोरड्या पडतील. टॅनिन, म्हणजे वाईनमधला तुरट घटक, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून. क्रम उलटा केलात तर दोल्चेत्तो पाणचट वाटेल.

सोबत मुरलेलं चीज किंवा मंद आचेवर शिजवलेलं मटण ठेवा. टॅनिन तिथल्या प्रथिनांना धरतं आणि तोंड मोकळं होतं. झणझणीत रस्सा नको, तिखटानं अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही जास्त जाणवतात.

नेब्बिओलो उरली तर बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा. कोवळी असेल तर दुसऱ्या दिवशी ती बऱ्याचदा जास्त खुललेली लागते.