डिस्प्लेचं शिलाई मशीन घ्यावं की सीलबंद नवं?

शिवणवर्गातल्या मुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो. दुकानात एक मॉडेल सीलबंद खोक्यात आहे, तेच काउंटरवर मांडलेलंही आहे आणि काउंटरवरचं जरा स्वस्त मिळतंय. "ताई, कुठलं घेऊ?" मी उलट विचारते, काउंटरवरचं ते मशीन इतके दिवस तिथे करत काय होतं?

मांडलेली सगळी मशीन एका जातीची नसतात. काही नुसती शोभेला ठेवलेली असतात, त्यांच्यात दोरासुद्धा ओवलेला नसतो. काही रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला चालवून दाखवतात. काही दुकानाच्या शिकवणीत राबलेली असतात. आणि काही एखाद्या गिऱ्हाइकाने परत केलेली असून नंतर पुसूनबिसून मांडलेली असतात. दुकानदार या सगळ्यांना "डिस्प्ले पीस" म्हणतो आणि सगळ्यांबद्दल "नव्यासारखंच आहे" एवढंच सांगतो. म्हणून नेमकं विचारा: कधीपासून बाहेर आहे, यावर कोण शिवायचं, शेवटची सर्व्हिस कधी झाली, कुणी परत केलेलं तर नाही ना?

साधं मेकॅनिकल मशीन असेल, तर मला शोभेच्या मशीनपेक्षा रोज चाललेलं आणि वेळच्या वेळी साफ झालेलं मशीन आवडतं. न चालवता ठेवलेल्या मशीनमधलं तेल घट्ट, चिकट होतं आणि चाक जड फिरायला लागतं. काचेजवळ उन्हात ठेवलेल्या मशीनचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं. चाललेल्या मशीनची झीज निदान टाक्यात दिसते, तपासता येते.

डिस्प्लेच्या मशीनची खरी जमेची बाजू माझ्या मते सूट नाहीच. जे मशीन तुम्ही शिवून बघता तेच घरी नेता, ही आहे. सीलबंद घेताना आपण एका मशीनवर शिवून बघतो आणि न बघितलेलं दुसरंच उचलून आणतो. कारखान्यातून आलेल्या मशीनचंही टेन्शन (दोऱ्याचा ताण) किंवा टायमिंग (सुई आणि खालच्या भागांचा मेळ) बिघडलेलं असू शकतं, वाहतुकीत आपटलेलं असू शकतं. म्हणून सीलबंद घेणार असाल तरी खोकं दुकानातच उघडायला लावा आणि खाली सांगते त्या सगळ्या चाचण्या त्यावरही करा. उघडायला नकार मिळाला तर परतीच्या अटी बिलावर लिहून घ्या.

चाचणीचं सामान घरून न्या. दुकानात दाखवायला ठेवलेलं कापड बहुधा कडक, खळ दिलेलं असतं. त्यावर रडकं मशीनसुद्धा सुंदर टीप घालतं. पिशवीत पातळ सुती कापड, जीन्सचा तुकडा आणि ताणणारं टी-शर्टचं कापड असू द्या. सोबत कोऱ्या सुया (आकडे सुईच्या जाडीचे): साध्या कापडाला 90/14, जीन्सला 100/16 आणि टी-शर्टला गोल टोकाची 75/11. एकाच जाडीचे दोन रंगांचे दोरे घ्या, एक लाल, एक निळा. एक छोटी टॉर्चही टाका, किंवा मोबाइलचा दिवा पुरे.

आधी वीज बंद ठेवून हातचाक स्वतःकडे सावकाश फिरवा. चाक नेहमी आपल्याकडेच फिरवायचं. उलटं फिरवलं तर दोरा गुंततो. पूर्ण फेरा एकसारखा हलका जायला हवा. दर फेऱ्यात त्याच जागी 'टिक' असा आवाज आला, तर सुई कुठेतरी लागते आहे. मग सुईखालची प्लेट काढायला सांगा. बरेच दुकानदार इथे नाराजीने बघतात, बघू द्या. सुईच्या भोकाभोवती बोटाचं नख फिरवा. ओरखडे किंवा खड्डे लागले, तर त्या जागी सुया मोडल्या आहेत. शिवताना कुणीतरी कापड हिसकून ओढलं की सुई वाकते आणि प्लेटवर आपटते. हे डेमो मशीनवर फार होतं, कारण येणारा प्रत्येक जण "बघू जरा" म्हणत कापड ओढतो. प्लेट बदलता येते, ती अडचण मोठी नाही. पण प्लेटखाली वरच्या दोऱ्याचा फास उचलणाऱ्या शटलच्या टोकाला तशीच खरखर लागली, तर दोरा तुटत राहील. बारीक खरखर मेकॅनिक पॉलिश करून काढतो. टोक बोथट झालं असेल तर शटलच बदलावं लागतं. दिवा धरून कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांमध्येही बघा. तिथे दोऱ्याचा भुसा घट्ट बसला असेल, तर "रोज साफ करतो"चा अर्थ कळला.

आता टीप. वर लाल, खाली निळा दोरा लावा. ओवताना फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, वर उचललेला हवा. टेन्शनच्या चकत्या तेव्हाच उघडतात आणि दोरा मध्ये नीट बसतो. फूट खाली ठेवून ओवलं की कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतं आणि बिचाऱ्या मशीनला नाव पडतं. सरळ टिपेत वरून निळा ठिपका आणि खालून लाल ठिपका दिसता कामा नये. झिगझॅगमध्ये खालच्या बाजूला लाल किंचित आला तर चालतं, ते बरोबरच आहे. बहुतेक घरगुती मशीनवर ही टीप टेन्शन 3 ते 5 च्या मध्ये जमते. डायल 1 वर किंवा 8 वर नेल्याशिवाय जमतच नसेल, तर कुणीतरी बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याचं रीळ बसतं त्या डबीचा) स्क्रू पिळून ठेवला आहे. दुरुस्त होतं, पण पैसे देण्याआधी त्यांच्याकडूनच करून घ्या आणि पुन्हा शिवून बघा.

जीन्सच्या तुकड्याला दोनदा दुमड घाला आणि जिथे बाजूची शिवण येते तो जाड उंचवटा फुटाखाली घ्या. पेडल अगदी हळू दाबा. मशीन एकेक टाका घालत वर चढायला हवं. मोटर नुसती घुरघुरली आणि सुई अडून राहिली, तर एक तर मोटरमध्ये दम नाही किंवा पट्टा सैल आहे. उंचवट्यावर फूट तिरका होऊन अडला तर मात्र दोष मशीनचा नाही. फुटाच्या मागच्या बाजूला कापडाची घडी सरकवून तो सपाट करा आणि पुन्हा चालवा.

टी-शर्टच्या कापडावर बारीक झिगझॅग घाला. टाके सुटले तर आधी सुई बदला. गोल टोकाची सुई लावूनही सुटत असतील, तर टायमिंग हललं आहे. सुई सगळ्यात खाली जाऊन साधारण 2 मिलिमीटर वर उठते, तेव्हा दोऱ्याचा छोटा फास होतो आणि नेमक्या त्या क्षणी शटलचं टोक सुईमागून जाऊन तो फास उचलतं. एवढ्या बारीक जागेचा खेळ आहे. जोरात सुई मोडली की हेच बिघडतं.

काज सलग दोन घालून बघा. एक चांगलं येणं पुरेसं नाही. दोन्ही एका मापाची आणि दोन्ही बाजूंना सारखी दाट यायला हवीत. एक बाजू विरळ आली तर पुढची आणि उलटी चाल सारखी नाही. त्याची खात्री करायला टाक्याची लांबी न बदलता पुढे दहा टाके, उलटे दहा टाके घाला; सुई सुरुवातीच्या जागेजवळ परत यायला हवी. एवढं झालं की काही मिनिटं न थांबता शिवा. जळका वास आला किंवा पेडल नको इतकं तापलं, तर पुढचं काही विचारू नका, निघा.

संगणकीय आणि भरतकामाच्या मशीनचं गणित वेगळं आहे, तिथे मी जास्त चिकित्सक होते. सुईत दोरा ओवून देणारी यंत्रणा डेमो मशीनवर सर्वांत आधी मोडते, कारण तिचा हुक केसाएवढा आणि बघणाऱ्यांना कौतुक तिचंच. ती सलग काही वेळा चालवून बघा. स्क्रीनचे चारही कोपरे दाबून बघा. ब्रदर, बर्निना यांच्या बऱ्याच मोठ्या मॉडेलवर आजवर किती टाके पडले याचा आकडा सेटिंगमध्ये दिसतो; दुकानदाराला तो उघडून दाखवायला सांगा. "फक्त डिस्प्लेला होतं" याची शहानिशा तिथेच होते. भरतकामासाठी आतून भरलेलं आणि बाहेरून रेघेने बांधलेलं एक वर्तुळ काढायला लावा. रेघ भरलेल्या भागाच्या कडेवर बसायला हवी. एका बाजूला फट आणि दुसऱ्या बाजूला चढलेली असेल, तर कापड ताणून धरणाऱ्या रिंगचा हात हलतो आहे किंवा कापड सैल बसवलं आहे. कापड पुन्हा ताणून बसवा आणि तीच रचना परत काढा. सॉफ्टवेअर सोबत मिळणार असेल तर त्याचा कोड दुकानाच्या नावावर आधीच वापरला गेलेला नाही ना, हेही विचारा. अशा मशीनमधलं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं की दुरुस्ती महाग पडते. म्हणून नव्याइतकी पूर्ण वॉरंटी नसेल तर संगणकीय मशीन डिस्प्लेचं घेऊ नका, सूट कितीही गोड असो.

"हे मागच्या वर्षीचं मॉडेल आहे" या वाक्याने मात्र बिचकू नका. इलायस हाऊने 1846 मध्ये ज्या दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट घेतलं, घरगुती मशीन आजही तोच टाका घालतं. मेकॅनिकल मशीनमध्ये नवं मॉडेल म्हणजे पुष्कळदा नवा रंग आणि चार जादा नक्ष्या. बंद झालेल्या मॉडेलचे सुटे भाग मिळतात का, एवढं विचारलं की पुरे.

कागदपत्रांत तीन गोष्टी पक्क्या करा. वॉरंटी तुमच्या बिलाच्या तारखेपासून सुरू होते की मशीन खोक्यातून काढलं त्या दिवसापासून? बिलावर "नवं" लिहिणार की "वापरलेलं"? आणि मशीनच्या मागच्या किंवा तळाच्या पट्टीवरचा सिरीयल नंबर बिलावर आहे का? तोंडी "काही झालं तर या, आम्ही आहोत" याला काउंटरवरचा माणूस बदलला की किंमत नसते.

मग पुस्तिका उघडून सामानाची यादी एकेक करून जुळवा. डिस्प्लेच्या मशीनचे फूट, रिळावरच्या टोप्या, जादा टेबल, कव्हर या वस्तू हमखास इकडेतिकडे गेलेल्या असतात. पेडल त्याच मॉडेलचं आहे का आणि त्यावर लिहिलेलं व्होल्टेज तुमच्या घरच्या विजेशी जुळतं का, हे बघा. बॉबिनही त्याच जातीचे हवेत. क्लास 15 आणि क्लास 66 हे बॉबिन वरवर सारखे दिसतात, पण 66 च्या बाजू किंचित फुगीर असतात. चुकीचा घातला की टीप बिघडते आणि कारण सापडत नाही.

सुटीचा हिशोब यानंतर. मिळणाऱ्या सुटीतून न मिळालेले फूट आणि सामान, एक सर्व्हिस आणि कमी झालेल्या वॉरंटीचा काळ वजा करा. उरलेला आकडा किरकोळ वाटला तर नवं घ्या. चांगला उरला तर ताबा देण्याआधी सर्व्हिस करून द्यायला सांगा. पैसे कमी करण्यापेक्षा हे दुकानदार लवकर कबूल करतो.

शिवण नुकतंच शिकत असाल तर मी नवंच घ्यायला सांगेन, साधं असलं तरी चालेल. टीप बिघडली तर हात चुकला की मशीन, हे सुरुवातीला कळत नाही आणि त्या गोंधळात पूर्ण वॉरंटीचा आधार लागतो. हात बसलेला असेल तर डिस्प्लेच्या मशीनमुळे बजेटमध्ये एक पायरी वरचं मॉडेल मिळतं, आणि तिथे मी बेधडक डिस्प्लेचं घेईन. दिवसभर शिवून कमाई करायची असेल तर या दोघांचा नाद सोडा आणि सरळ टिपेचं कारखान्याचं मशीन बघा.

घरी आणल्यावर मशीन झाकून ठेवू नका. परतीची मुदत संपायच्या आत कॉलर, काज आणि चेन असलेला एक पूर्ण कपडा शिवा. चेन लावताना सुई डावीकडे-उजवीकडे सरकवायची असते, ती सरकवल्यावर फुटाला किंवा प्लेटला लागते का, हे दुकानातल्या घाईत बघायचं राहून जातं. सुई सरकवल्यानंतर पेडल दाबण्याआधी एक फेरा हाताने फिरवा.