साइटवरची केबिन आणि लेबर कॅम्प: या चुका टाळा

पोर्टा केबिनची, म्हणजे उचलून नेता येणाऱ्या तयार खोलीची, ऑर्डर देताना बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात: किती फुटी आणि भाडं किती? त्याआधी विचारायला हवं ते हे, की केबिन बसणार कशावर, आणि सकाळी सहा ते आठ या वेळात कॅम्पात एकदम किती माणसं आवरणार?

शौचालयं नुसती डोकी मोजून ठरवणं

पंचवीस माणसांमागे एक सीट हा हिशेब वापर दिवसभर विखुरलेला असेल तिथे चालतो. कॅम्पात मात्र सगळ्यांना आठच्या आत आवरायचं असतं. एकाला सहा मिनिटं धरली तरी पंचविसांना अडीच तास लागतात. उरलेले मग नाल्याकडे जातात आणि दोष त्यांच्या सवयींना दिला जातो, हे फार अन्यायाचं आहे. राहत्या कॅम्पात दहा माणसांमागे एक सीट धरा, म्हणजे तासाभरात सगळ्यांचं होतं. बायकांची सोय वेगळी हवी, आतून कडी आणि बाहेर दिवा असलेली. तिथे जायची वाट पुरुषांच्या रांगेसमोरून नको.

पिण्याच्या पाण्याचा नळ शौचालय आणि मोरीपासून किमान 6 मीटर लांब ठेवा. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्याने हेच अंतर घालून दिलं होतं. काळ्या मातीत सोकपिटवर, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यावर, विसंबू नका. पावसाळ्यात ही माती पाणी शोषत नाही, आणि खड्डा तुंबून घाण वर येते. बंद टाकी घ्या, उपसा करणाऱ्या टँकरची नळी पोचेल अशा जागी.

दार घासतंय म्हणून दार तासणं

मे महिन्यात सहज लागणारं दार जुलैत अडकायला लागलं, तर आधी चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. मापात फरक आला की समजा, केबिनचा एखादा कोपरा खचलाय किंवा उचललाय. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर नुसत्या विटा रचून ठेवलेली 20 फुटी केबिन पिळवटतेच. कोपरा खचला असेल तर जॅकने उचला, खाली लोखंडी पट्ट्या सरकवा आणि लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) चारही कोपरे तपासा. नवी केबिन येणार असेल तर फूटभर काळी माती काढून मुरूम भरा, चांगला धुमसा, आणि वर चार कोपऱ्यांत व दोन्ही लांब बाजूंच्या मध्यावर दीड फूट चौरस पीसीसीचे (बिनसळईच्या काँक्रीटचे) ठोकळे घाला.

केबिनची जागा नकाशा बघूनच ठरवा. रॅम्प किंवा पाण्याची टाकी येणार तिथेच ती ठेवली, तर सहा महिन्यांनी हायड्रा क्रेन आणि ट्रेलरचा खर्च पुन्हा येतो. क्रेनच्या फेऱ्याखाली किंवा खोदाईच्या काठावर तर मुळीच नको.

छताला उगाच सिलिकॉन फासणं

पाऊस नसलेल्या रात्रीनंतर पहाटे थेंब पडत असतील तर ती गळती नव्हे, थंड पत्र्यावर जमलेली वाफ आहे. तिथे समोरासमोर खिडक्या आणि पत्र्याखाली इन्सुलेशन हवं. पावसातच गळत असेल तर स्क्रूखालचे रबरी वॉशर बघा. उन्हाने ते तडकलेले असतात.

अर्थिंग नंतर करू म्हणणं

केबिनचा सांगाडा लोखंडी, खाली चिखल, येणाऱ्यांचे पाय ओले. वीज जोडण्याआधी सांगाड्याला अर्थिंग आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवीच. तिचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबा. ती ट्रिप झाली नाही, तर त्याच दिवशी बदला.