बारावीनंतर कॉलेज ठरवताना

दापोली-मंडणगडकडच्या पोरांनो, कॅप राऊंडला, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेरीला, पसंतीक्रम भरायच्या आधी जरा थांबा. अमेरिकेतली आफ्रिकन-अमेरिकन मुलं कॉलेज निवडताना एक प्रश्न विचारतात तो मला फार पटतो, की तिथे माझ्यासारखी मुलं आहेत का, शिकवणारे आहेत का? त्यांच्यासाठी उभी राहिलेली कॉलेजं आहेत, जसं वॉशिंग्टनचं हॉवर्ड विद्यापीठ १८६७ चं, म्हणून मोठं नाव बाजूला ठेवून तिकडे जाणारीही असतात. आपल्याकडे बाबासाहेबांच्या संस्थेने १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेपण असंच मोलाचं.

मग पैसे. तिकडची मुलं स्कॉलरशिप वजा करून हातातून किती जाणार ते बघतात, तुम्हीपण नुसती फी बघू नका, हॉस्टेल, मेस, गणपती-शिमग्याला घरी यायचं एसटीचं भाडं, सगळं कागदावर मांडा. जातपडताळणीचं सर्टिफिकेट आत्ताच काढा, स्कॉलरशिपसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा फॉर्म वेळेत भरा.

आणि एकदा जाऊन या हो! लोणेऱ्याचं बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ काय लांब नाही. गेटवरच्या बोर्डापेक्षा कँटीनमध्ये गावाकडून आलेल्या पोरांना विचारा, किती जण मध्येच सोडून गेले आणि का गेले. माझी बहीण हॉस्टेल न मिळाल्यामुळे वर्षभरात परत आली, ते कुणी आधी विचारलंच नव्हतं.