वन्यजीव छायाचित्रणासाठी पहिली टेलिफोटो लेन्स निवडताना
सर्वप्रथम नाभीय अंतराचा (फोकल लेंथ; ते जितके जास्त, तितका दूरचा विषय मोठा दिसतो) विचार करावा. मोठ्या सस्तन प्राण्यांसाठी ३०० मिमी पुष्कळदा पुरते. लहान पक्ष्यांसाठी मात्र ४०० मिमीसुद्धा अपुरे वाटते. एपीएस-सी सेन्सरवर (हा फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या आकाराच्या सेन्सरपेक्षा लहान) दृश्यकोन अरुंद होत असल्यामुळे ७०-३०० मिमीची तुलनेने स्वस्त झूम लेन्स फुल फ्रेमवरील सुमारे ४५० मिमीइतकी चौकट देते, आणि म्हणूनच मर्यादित खर्चात सुरुवात करणाऱ्याने आधी महागडा फुल फ्रेम कॅमेरा घेण्याचा मोह टाळावा, असे माझे मत आहे.

खरी तडजोड अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येण्याच्या छिद्राच्या, बाबतीत करावी लागते. स्वस्त झूमचे कमाल अ‍ॅपर्चर लांबच्या टोकाला बहुधा एफ/५.६ किंवा एफ/६.३ असते (आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान), आणि अनेक प्राणी नेमके पहाटे व संध्याकाळी, प्रकाश कमी असतानाच, बाहेर पडतात. इमेज स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सावरते, धावत्या हरणाची गती गोठवत नाही. त्यासाठी १/१००० सेकंदाच्या आसपासचा शटर स्पीड आणि वाढवलेला आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) लागतो. त्यातून येणारा नॉइज (चित्रातील दाणेदारपणा) खुशाल पत्करावा. १.४ पट टेलिकन्व्हर्टर (लेन्स व कॅमेरा यांच्यामध्ये बसणारा, नाभीय अंतर वाढवणारा जोड) एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश खातो, तेव्हा अशा लेन्सवर तो जोडू नये.

१५०-६०० मिमीच्या लेन्सचे वजन दोन किलोच्या घरात जाते. ती हातात धरून पाहिल्याशिवाय घेऊ नये. वापरलेली लेन्स घेण्यात गैर काही नाही, परंतु टॉर्चच्या प्रकाशात आतील बुरशी तपासावी आणि स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून, सर्वांत लांबच्या टोकाला, ऑटोफोकसची अचूकता पडताळावी.